दिव्यांची कळ

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली उतरवताना सेटिंगरावांनी बायकोला स्टूल धरायला सांगितलं होतं. तिने स्टूल धरलं होतं, पण तिचं सगळं लक्ष खाली पडणाऱ्या धुळीकडे होतं. फरशी नुकतीच पुसून झाली होती.

“अहो, जपून. तो पडला तरी चालेल, तुम्ही पडू नका.”

“उलटं बोलतेस,” वरून उत्तर आलं. “माझी हाडं जुळतील. याचा मदरबोर्ड आता कुठे मिळतो?”

सेटिंगराव हे नाव त्यांना ऑफिसने ठेवलं होतं. कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसले की ते आधी सेटिंगमध्ये शिरायचे. एकदा साहेबांना एक साधा कागद छापून द्यायला म्हणून गेले आणि अक्षरांचा आकार, पडद्याचे रंग, माऊसच्या बाणाचा वेग असं सगळं बदलून आले. पुढचा आठवडाभर साहेब त्या बाणाच्या मागे मांजरासारखे धावत होते. घरीही तेच. नवा गेम आणला की सावल्या किती गडद असाव्यात, गवताला किती पाती असावीत, पाण्यात आभाळ दिसावं की नुसता भास व्हावा, हे ठरवता ठरवता झोपायची वेळ व्हायची. गेममधला शत्रू पहिल्याच वळणावर बंदूक रोखून ताटकळत उभा राहायचा. एका शत्रूने तर म्हणे वाट पाहून पाहून शेवटी निवृत्ती घेतली.

पण त्या दिवशी सेटिंगरावांना खरोखरच खेळायचं होतं. धाकटी बहीण येणार होती. तिला परदेशात लांब नोकरी लागली होती. दुपारी भावाकडे यायचं आणि संध्याकाळी इथूनच टॅक्सी करून विमानतळ गाठायचा, असा तिचा बेत होता. पुन्हा कधी येईल, ते तिलाही सांगता येत नव्हतं. गेले पंधरा दिवस सेटिंगराव फोनवर तिला एकच गोष्ट सांगत होते, “चिमे, तू फक्त ये. आपला ट्रक तयार ठेवतो.”

हा ट्रक म्हणजे त्या दोघांचं बालपण. वडिलांच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आला होता आणि त्यात एकच गेम होता. माल भरलेला ट्रक डोंगरातून न्यायचा आणि शेवटी एक पूल ओलांडायचा. घरात टेबलापाशी खुर्चीही एकच. मग अर्ध्या खुर्चीवर दादा, अर्ध्या खुर्चीवर चिमी. कीबोर्डही तसाच वाटून घेतलेला. उजवीकडचे बाण दादाचे, म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, वेग सगळं त्याच्याकडे. डाव्या टोकाची एक कळ चिमीची. तिच्याकडे दिवे होते. “चिमे, दिवे!” दादा ओरडायचा. “जोरात दाब!” आणि चिमी जीभ बाहेर काढून, जीव खाऊन कळ दाबायची. पूल मात्र कधीच ओलांडला गेला नाही. ऐन पुलापाशी कधी जेवायची हाक यायची, तर कधी ट्रक दरीत जायचा.

“काय गेम होता!” सेटिंगराव आजही ऑफिसात सांगायचे. “सोळा रंग फक्त. पण ऊन काय पडायचं त्यात! सूर्य कायम डोक्यावर. मावळायचं नावच नाही.”

तर तो कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर मांडला, वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि काय आश्चर्य, तो पहिल्या फटक्यात चालू झाला. ट्रक आला, डोंगर आला, डोक्यावर सूर्यही आला.

“झालं ना?” बायको म्हणाली. “आता याला हात लावू नका.”

“छे! हात कशाला लावतोय?” सेटिंगराव म्हणाले. मग त्यांनी कान टवकारले. “पंखा जरा कुरकुरतोय, नाही?”

“मला काही ऐकू येत नाही.”

“तुला नाही यायचं. त्याला कान लागतो.”

इथून गाडी घसरणीला लागली. पंख्याला तेलाचा एक थेंब द्यायला त्यांनी झाकण उघडलं. थेंबाच्या जागी धार गेली. पंख्याने ती सगळीकडे उडवली. पुसायला एक कार्ड सैल केलं, तर त्याचा स्क्रू आत पडला. स्क्रू काढायला डबा उलटा केला, तर स्क्रू राहिला आतच आणि कार्ड तेवढं हातात आलं. सगळं पुन्हा बसवलं, तर पडदा काळाकुट्ट. पॉवर सप्लाय गेला असणार, असं निदान करून त्यांनी आपल्या नव्या, महागड्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढला आणि त्याला जुळत नसलेला जुना प्लग प्रेमाने, मग जराशा रागाने, शेवटी गुडघा लावून जुळवला.

फट् झालं. खोलीतल्या सॉकेटने काळं तोंड केलं, नव्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय धूर सोडून गेला आणि घरातले सगळे पंखे हळूहळू थांबले.

त्या शांततेत थोड्या वेळाने सेटिंगरावांचा फोन वाजला.

“दादा, मी तुझ्या दाराबाहेर उभी आहे. केव्हाची बेल दाबतेय.”

“अगं, वीज गेलीय! बेल कशी वाजेल?”

“असू दे. वाजत नसलेलं बटण दाबायची मला सवय आहे,” चिमी म्हणाली. सेटिंगराव दाराकडे धावले. बोलणं कानात शिरलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही.

चिमीच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात रंगीत खोका. बायकोने मीटरपाशी जाऊन खटका वर केला, पंखे फिरू लागले आणि मग सेटिंगरावांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं.

“हे काय आणलंस? कन्सोल?” एखाद्याने घरात विंचू आणावा असा त्यांचा चेहरा झाला.

“तुमच्या दोघांसाठी. मी तिकडे गेल्यावर आठवण म्हणून.”

“चिमे, तू माझी सख्खी बहीण ना गं? देवाने दहा बोटं दिलीत माणसाला. कीबोर्डवर दहाच्या दहा चालतात. आणि हे लोक दोन अंगठ्यांवर भागवतात. अंगठेबहाद्दर!”

“दादा, पाणी देशील का?”

“देतो. पण याचं झाकण उघडता येतं का? नाही. ज्या यंत्राचं झाकण उघडता येत नाही, ते यंत्र आपलं नसतं. आपण त्याचे भाडेकरू! मेमरी वाढव म्हटलं, वाढत नाही. चार वर्षांनी अख्खा डबा फेकायचा आणि नवा आणायचा. शिवाय नेम धरायला गेलं की नेमही तेच यंत्र धरतं. म्हणजे घास त्यांनीच भरवायचा, आपण फक्त आ करायचा.”

“तुम्ही खेळलायत का कधी त्यावर?” बायकोने पाण्याचा पेला पुढे करत विचारलं.

“मी? मी हात लावत नाही असल्या गोष्टींना,” सेटिंगराव ताठ मानेने म्हणाले. पुढे मान जराशी खाली गेली. “चिमे, पाच मिनिटं दे. आपला ट्रक जवळजवळ तयार आहे.”

खोलीतलं सॉकेट जळालं होतं. म्हणून त्यांनी हॉलमध्ये टीव्हीमागच्या बोर्डातून एक लांब एक्स्टेन्शन वायर ओढली, भिंतीच्या कडेकडेने खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. जुना पॉवर सप्लाय त्यांनी परत जागेवर बसवला. कार्डं पुसली, एकेक दाबून बसवली. हरवलेला स्क्रू त्यांच्याच खिशात सापडला, तो कसा तिथे गेला हे विज्ञानाला आजही कळलेलं नाही.

बाहेर चिमी टीव्हीमागे वाकली होती. “वहिनी, इथे एकच जागा आहे आणि तीही भरलेली. ही कसली वायर?”

“काय की बाई. यांच्या वायरींचा हिशेब मी ठेवत नाही. काढ तू.”

चिमीने वायर काढली आणि त्या जागी कन्सोलचा प्लग लावला.

त्याच क्षणी आत सेटिंगरावांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांनी सगळी कार्डं काढली आणि पुन्हा बसवली. वायरी काढल्या, फुंकल्या, लावल्या. त्या यंत्रात तपासायचं जे जे होतं ते सगळं त्यांनी तपासलं. वीज येतेय की नाही, एवढं सोडून.

हॉलमधून हसण्याचा आवाज आला.

“चालू झालं का गं तुमचं?” त्यांनी आतून ओरडून विचारलं.

“नाही, अपडेट घेतोय!”

सेटिंगरावांना एवढा आनंद त्या दिवसात पहिल्यांदाच झाला. ते दारात येऊन उभे राहिले. “बघ! कोरा करकरीत, आजच डब्यातून निघाला आणि आल्या आल्या आजारी! आमच्या ट्रकने उभ्या जन्मात कधी अपडेट मागितलं नाही.”

“आपला ट्रक कुठंय?” चिमीने विचारलं.

“येतोय,” ते म्हणाले आणि आत गेले.

अपडेट झालं. आता आतून फक्त स्क्रू पडल्याचे आवाज येत होते आणि बाहेरून नणंद-भावजयीच्या आरोळ्या. “वहिनी, उडी मार!” “अगं मारली, पण तो पाण्यात पडला!” दुपार कलली. सेटिंगराव खाली जमिनीवर बसले होते, मांडीवर तो जुना पिवळा पडलेला कीबोर्ड होता. डाव्या टोकाच्या त्या कळेवरचं अक्षर पार झिजून गेलं होतं. उजवीकडचे बाण मात्र अजून वाचता येत होते. ते त्या कळेकडे बघत राहिले. पूल गेला खड्ड्यात. तिला एकदा त्या अर्ध्या खुर्चीवर बसवायचं होतं, एवढंच तर मागणं होतं. आणि त्यांनी अख्खी दुपार भिंतीपलीकडे घालवली होती.

दार उघडून ते हॉलमध्ये आले. हाताला तेल, नाकावर धूळ.

“गेला तो,” ते म्हणाले. “माझ्याच हातून.”

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सोफ्यावर जरा सरकून तिने शेजारची जागा थोपटली. “ये, बस. ट्रकचाच गेम आहे हा. दोघांनी मिळून एकच ट्रक चालवायचा. मी स्टिअरिंग घेते, तू ब्रेक सांभाळ.” तिने वहिनीच्या हातातला रिमोट स्वतःकडे घेतला, खोक्यातून दुसरा काढला आणि भावाच्या हातात दिला.

“दोष दाखवायला म्हणून बसतोय,” सेटिंगरावांनी आधीच स्पष्ट केलं. रिमोट हातात तोलून पाहिला. “हे बघ, पहिला दोष. वजनच नाही याला. पोकळ! खेळणं नुसतं.”

“हो ना. हल्ली सगळं हलकंच करतात,” चिमी म्हणाली.

“आणि सेटिंग कुठंय?”

“दादा, सेटिंग नाही. चल!”

ट्रक निघाला. पहिल्याच उतारावर चिमी ओरडली, “दादा, ब्रेक!” सेटिंगरावांनी ब्रेक दाबला. ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला.

“उशीर बघ किती! मी केव्हाचा दाबतोय!”

“बिनवायरचा आहे ना. जोरात दाब.”

त्यांनी जोरात दाबला. दुसऱ्या वळणावर ट्रक जागच्या जागी थांबला. तिसऱ्या वळणापर्यंत सेटिंगरावांच्या तोंडून दोष निघायचे बंद झाले होते. ते सोफ्याच्या कडेवर आले होते, जीभ बाहेर आली होती. खांद्याला खांदा लागला होता. पुढे पाऊस आला, घाट आला आणि घाट संपता संपता एक अरुंद पूल आला. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला.

“चिमे, तुझी टॅक्सी!”

“थांबू दे! दादा, ब्रेक! सोड! पुन्हा दाब! जोरात!”

सेटिंगरावांचं अंगठ्याचं नख पांढरं पडलं. ट्रक डगमगला, एक चाक हवेत गेलं, परत आलं आणि ट्रक पुलापलीकडे उभा राहिला. बहीण-भावांनी एवढा आरडाओरडा केला की टॅक्सीवाल्याने हॉर्न थांबवून वर पाहिलं.

“ब्रेकमुळे वाचलो,” सेटिंगराव धापा टाकत म्हणाले. “यंत्र टाकाऊ आहे, पण ब्रेक मारणाराला कळत होतं कुठे मारायचा ते.”

“तुझ्याशिवाय जमलंच नसतं, दादा,” चिमी म्हणाली आणि पटकन वळून बॅग शोधू लागली.

खाली टॅक्सीत बसल्यावर तिने काच खाली केली. डोळे ओले होते आणि ओठांवर लहानपणचं ते बेरकी हसू. “दादा, एक विचारायचं राहिलं. आपल्या त्या ट्रकच्या गेममध्ये रात्र कधी व्हायची रे?”

“रात्र? छे. त्यात सूर्य मावळायचाच ना–” सेटिंगराव बोलता बोलता थांबले. टॅक्सी निघून गेली होती.

ते वर आले तेव्हा बायको खोका आवरत होती. “अहो, तुम्ही कसा काय ब्रेक मारत होतात?” तिने विचारलं आणि तळहात पुढे केला. तळहातावर एका छोट्या पाकिटात, अजून न फोडलेले, दोन सेल होते. “तुमच्या रिमोटमध्ये सेलच नव्हते.”

सेटिंगराव खाली बसले. चिमीच्या कळेने गेममध्ये कधीच काही होत नव्हतं, पण इतकी वर्षं ती दिव्यांची गोष्ट सांगून सांगून त्यांचा स्वतःचाही त्या दिव्यांवर विश्वास बसला होता. त्यांनी फोन लावला.

“चिमे, तुला केव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्याच दिवसापासून,” टॅक्सीतून आवाज आला. “भर दुपारी कोण दिवे लावतं?”

“मग दाबत का बसायचीस?”

“नसती दाबली, तर खुर्चीवरून उठवलं असतंस ना मला.”

तेवढ्यात हॉलमध्ये बायकोने कन्सोलचा प्लग काढला, आणि बोर्डात जागा रिकामी दिसली म्हणून ती लोंबकळणारी लांब वायर परत लावून टाकली. आतल्या खोलीतून एक बारीक, जुनी, ओळखीची शिट्टी ऐकू आली.

सेटिंगराव आत गेले. पडद्यावर डोंगर होता, ट्रक होता, डोक्यावर सूर्य होता. पंखा खरंच कुरकुरत होता. त्यांनी सेटिंग उघडलं नाही. खुर्ची ओढली आणि डाव्या अर्ध्यावर बसले. उजवा अर्धा रिकामा ठेवला.

“दादा, ऐकतोयस ना? गेलास का?” फोनवर चिमी अजून होती.

“आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी जीव खाऊन दिव्यांची कळ दाबली.