मधली रिकामी जागा

खैरनार सर सी लँग्वेज शिकवायला वर्गात काकडी घेऊन जातात. काकडी, सुरी आणि पुडीत थोडं मीठ.

"हे काय आहे?"

"काकडी, सर."

"चूक! ही ओळ आहे. स्ट्रिंग." मग टेबलावर कचाकच तुकडे. "ही झाली टोकनं. आता मला मूळ काकडी दाखवा."

तुकडे काही जुळत नाहीत, सर खूश, आणि शेवटी टोकनं मीठ लावून पहिल्या बाकाच्या पोटात. सीमध्ये स्ट्रटोक नावाचं एक फंक्शन आहे. त्याला लांबलचक ओळ दिली, की स्वल्पविराम दिसेल तिथं तोडून ते एकेक तुकडा हातात देतं. पण तोडताना मूळ ओळीची वाट लावतं. म्हणून सरांचा मंत्र, "आधी कॉपी, मग कापी!" ओळीची नक्कल बाजूला ठेवा आणि मग तोडा. एकदा परीक्षेआधी व्हरांड्यात त्यांनी हा मंत्र साठ मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेतला, तेव्हा मागं भरारी पथक उभं होतं. पथकाच्या बाईंना काकडीपासून सगळं समजावून सांगावं लागलं.

आमचं कॉलेज नाशिकरोडला. मी त्याच डिपार्टमेंटला शिकवते आणि माझं टेबल सरांच्या शेजारी आहे. सर सटाण्याकडचे. आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलतात, पण कॉम्प्युटर अडला की अहिराणी. मॉनिटरवर हात ठेवून, ताप बघावा तसं विचारतात, "काय व्हयनं रे भाऊ?" बोलणं जिथं तुटलं तिथूनच पुढं सुरू करायचं, ही त्यांची आणखी एक तऱ्हा. सोमवारी "मॅडम, पोह्यात शेंगदाणे" एवढं बोलले आणि तास होता म्हणून उठले. गुरुवारी जिन्यात मला गाठून म्हणाले, "तळूनच घालावेत." नमस्कार नाही, चमत्कार नाही.

यंदा नव्या मुलांच्या ओळखपत्रांचा प्रोग्राम सरांनी हौसेनं स्वतः लिहिला. मुलांनी फॉर्ममध्ये भरलेलं आडनाव, नाव, वडिलांचं नाव, गाव आणि रक्तगट असं सगळं स्वल्पविराम देऊन एका ओळीत यायचं. स्ट्रटोक ती ओळ तोडायचं, आणि तुकडे कार्डावर ओळीनं बसायचे. कार्डं छापून आली तेव्हा सर नातवाच्या बारशाला निघाल्यासारखे वर्गात गेले. गठ्ठा मी धरला होता. एकेक कार्ड ते मोठ्यानं वाचून देत होते.

"शेवाळे रोहिणी. वडिलांचं नाव, नांदगाव. गाव, बी पॉझिटिव्ह."

वर्ग फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "बी पॉझिटिव्हला एसटी जाते का रे?" मीही हसले, खोटं कशाला सांगू?

रोहिणी पुढं आली. हसत नव्हती. कार्ड घेताना हळूच म्हणाली, "सर, वडिलांचं नाव मी लिहिलं नव्हतं."

"विसरलीस होय?"

"नाही सर."

सरांचा चेहरा उतरला. स्ट्रटोकची एक खोड आहे. दोन स्वल्पविराम लागून आले आणि मधे काहीच नसलं, तर ते दोन्ही मिळून एकच धरतं. रिकाम्या जागेचा तुकडा ते देतच नाही. त्यामुळे रोहिणीचं पुढचं सगळं एकेक घर मागं सरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात उभे राहिले, काकडीशिवाय. "काल तुम्ही हसलात ते माझ्या चुकीला हसलात," म्हणाले. "हसायला हरकत नाही. फक्त कुणाला हसलो ते नीट लक्षात ठेवा."

ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "एका मुलीसाठी प्रोग्राम कशाला बदलता सर? तिला म्हणावं, काहीतरी भर. आजोबांचं नाव टाक."

"तिनं का भरायचं?" सरांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

शनिवारी दुपारी मी विसरलेला डबा घ्यायला परत आले, तर सर एकटेच लॅबमध्ये बसलेले. स्ट्रटोक काढून टाकलं होतं. एकेक अक्षर तपासत जाणारं नवं फंक्शन त्यांनी हातानं लिहिलं होतं. ते तपासायला एक ओळ टाइप केली होती. मी वाकून वाचली. खैरनार, मग मधुकर, मग लागोपाठ दोन स्वल्पविराम, मग सटाणा, मग ओ पॉझिटिव्ह.

"सर, तुमच्या वडिलांचं नाव? दगाजी ना?" त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर मी ते रोज वाचत होते.

"दगाजी माझे मामा," सर म्हणाले. "शाळेत घालताना मास्तर म्हणाले, काहीतरी लिहावंच लागेल. आई म्हणाली, मग माझ्या भावाचं लिहा. मामा देवमाणूस होते, तसं काही नाही. पण दाखला हातात आला की आई मला विचारायची, ते नाव कुठं लिहिलंय? मी दाखवलं की त्यावर अंगठा ठेवून ते झाकायची. वाचता येत नव्हतं तिला, तरी."

मग म्हणाले, "आणि कुणी ती जागा कोरी ठेवेल, हे मलाच सुचू नये, मॅडम?"

त्यांनी एंटर दाबलं. आडनाव, खैरनार. नाव, मधुकर. वडिलांचं नाव, कोरं. गाव, सटाणा. रक्तगट, ओ पॉझिटिव्ह. सगळं जिथल्या तिथं.

"झालं की सर!" मी म्हणाले. "आता ती ओळ पुसा, नाहीतर तुमचंही कार्ड छापून येईल."

सर चष्मा हातात धरून स्क्रीनकडे बघत होते.

"पुसतो," म्हणाले. "जरा असू द्या."