पुस्तकाचा फेटा

डोक्याचा फेटा सोडून पुस्तकाला बांधनारा मानूस म्या जन्मात एकच बघितला. मेजर.

बाहात्तरच्या दुष्काळात आमी मानदेशातल्या बाया फलटणच्या रस्त्याला खडी फोडत व्हतो. मेजर हजेरी घ्यायचा. आदी मिल्ट्रीत कारकून व्हता, म्हनून मेजर. हजेरी झाली की "रिपोर्ट ऐका!" म्हनायचा, तिथल्या साहेबानं दिल्यालं विंग्रजी पुस्तक उघडायचा आन् आपल्या बोलीत सांगायचा.

पैल्याच दिशी पुस्तकावरला सोनेरी शिक्का दावला. "अमेरिकेतल्या समद्या कादंबऱ्यांत ही नंबर एक निघाली. बक्षीस घेतलंया!"

"कादंबऱ्यांची बी कुस्ती लावत्यात व्हय?" सरूबाई म्हनली. "मग गदा दिली का फेटा?"

"न्हाई. पैसं आन् कागूद."

"नारळबी न्हाई? काय भिकार गाव म्हनायचं!"

मेजरला लय लागलं. तिथंच फेटा सोडला, पुस्तकाला गुंडाळला आन् टकलावर ऊन घेत बसला. आमी हातोडं टाकून हसलो. तवापस्नं वाचून झालं की फेटा पुस्तकालाच बांधायचा.

अमेरिकेनं त्या साली दोनच गोष्टी धाडल्या. लाल मिलो जुंधळा आन् ही कादंबरी. मिलोनं पोटं बिघडायची, तरी लेकरांस्नी त्योच घातला. दुसरं व्हतं काय? कादंबरी मातुर पचली. तिच्यात बी विहीर आटल्याली, आन् शेतकऱ्याची बायकू घर सोडून गेल्याली. तिचं नाव जिभंला झेपंना, म्हनून आमी तिला मालन म्हनायचो.

"आवं मेजर, मालन आली का?"

"वाटंत हाय. रिपोर्ट आला की सांगतो."

मधीच फलटणवरनं यष्टी यायची. मेजर वाक्य अर्धं टाकून उठायचा, शर्ट खाली वढायचा, एकेक खिडकी बघायचा. "चेकिंग," म्हनायचा.

"पळा गं, तिकिटं काडा!" सरूबाई वरडायची.

त्याची कारभारीन विहीर आटली तवा फलटणला म्हायेरी गेल्याली, ती आलीच नव्हती. ठावं असून आमी हसायचो.

काम सुटायचा दिस आला. बायांनी गराडाच घातला. "आज सांगितल्याबिगर हलायचं न्हाई!"

मेजरनं पुस्तकाचा फेटा सोडून बाजूला ठेवला, पान उघडलं, घसा खाकरला. "आली," म्हनला. "गाठोडं घिऊन आली."

सरूबाईनं टोपलं भिरकावलं. फुगड्या सुरू झाल्या. धुरळ्यात कोन कुनाला दिसंना.

समद्या गेल्यावर म्या पुस्तक हातात घेतलं. मला अक्षर येत न्हाई. पर निम्म्यापातुर पानं मळकी, आन् म्होरली पांढरीफेक, एकमेकाला चिकटल्याली.

"मेजर, म्होरलं वाचलंच न्हाई?"

"न्हाई आक्का," त्यो म्हनला. "आन् आलीच नसली तर?"

तेवढ्यात यष्टीचा भोंगा वाजला. मेजर उठला, शर्ट वढला. म्या पुस्तकाचा फेटा उचलला आन् त्याच्या हातात दिला.

"बांधा," म्हनलं. "बोडक्या डोक्यानं हुबं ऱ्हाऊ नगा."