राणी धरणारा जावई

दहा मुली बघून झाल्या तरी जोतिबाचं लग्न ठरत नव्हतं, याला कारण मुंग्या. पोरगा कोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, नोकरी सरकारी, अंगापिंडानं धड, विडीचंसुद्धा व्यसन नाही. पण त्याला राणीमुंग्या धरायचा नाद होता. वळीव पडून गेला की राणीमुंग्या पंख टाकून जमिनीवर हिंडतात, घर थाटायला जागा शोधतात. जोतिबा त्यांना हेरून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत धरायचा, आत ओला कापूस घालायचा आणि त्या अंडी कधी घालतात याची पहिलटकरणीच्या आईसारखी वाट बघायचा. अशा चौदा बाटल्या त्याच्या कॉटखाली होत्या. गावातली बाकीची माणसं कोंबड्या झुंजवत, भजनी मंडळात भांडत, नाहीतर निवडणुकीला उभी राहत. आपला पोरगा मुंग्या धरतो, हे त्याचे वडील धोंडिराम हवालदार पलटणीतल्या जुन्या दोस्तांनाही सांगत नसत.

या नादापायी त्याची नजर सदा जमिनीवर. मुलगी बघायला गेला तरी जाजमाच्या कडा न्याहाळत बसायचा. मुलीकडचे समजायचे, पोरगं वर बघत नाही म्हणजे बळंच आणलंय, बाहेर कुठंतरी सूत जुळलेलं असणार. अकराव्या खेपेला, पंचाहत्तर सालच्या एप्रिलात, तासगावला एस.टी.तून उतरताना हवालदारांनी त्याला दम भरला, "मान वर ठिवायची. खाली बघितलंस तर हितनंच पलटणीत भरती करीन." जोतिबाचं भरतीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, तरी तो व्हय म्हणाला. त्याला खरंच लग्न करायचं होतं. आई गेल्यापासून दोघं बापलेक आळीपाळीनं भाकरी करपवत होते आणि एकमेकांच्या भाकरीला नावं ठेवून दोघंही थकले होते.

लालासाहेबांचं घर द्राक्षाच्या बागेला लागून होतं. मागं बेदाणा वाळवायची शेड. साखर रेशनवर असल्यामुळं गुळाचा चहा गोड मानून घ्या, असं लालासाहेब आल्याआल्या म्हणाले. त्यांची मुलगी शालन पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसली. जोतिबानं मान इतकी वर ठेवली, की तो थेट आढ्याकडं बघत होता. आमचं घर गळतंय का काय, असं वाटून लालासाहेबही वर बघायला लागले. शेवटी हवालदारांनी पोराला कोपर मारलं, तशी त्याची मान खाली आली आणि घात झाला. जाजमाच्या काठानं एक राणी चालली होती. एकटी, टपोऱ्या पोटाची, पाठीवर गळालेल्या पंखांच्या खुणा.

जोतिबानं बशी खाली ठेवली आणि तो गुडघ्यांवर आला. पाहुण्यांच्या पायांमधून, शालनच्या पाटाला वळसा घालून, मागच्या दारानं तो रांगतच बाहेर पडला. शेडच्या तोंडाशी त्यानं तिला खिशातल्या बाटलीत घेतलं. वळून बघतो तर अख्खी बैठक मागं येऊन उभी.

"काय धरलंसा?" लालासाहेबांनी विचारलं.

"राणी हाय, मामा. ही एक बसली की दोन-तीन वर्सांत हजारभर मुंग्या."

हवालदारांनी डोळे मिटून घेतले. हे अकरावं स्थळ गेलं, असं त्यांनी मनात लिहूनही टाकलं. पण लालासाहेबांचा चेहरा खुलला. सहा महिने त्यांच्या शेडात मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. पावडर झाली, रॉकेल झालं, उकळतं पाणी झालं. मुंग्या हटत नव्हत्या आणि मुंग्या लागलेला बेदाणा व्यापारी हातात धरत नव्हता. या मुंग्या कुठून येतात तेवढं सांगितलं, तर आपली पोरगी द्यायला ना नाही, असं त्यांनी चारचौघांत बोलून टाकलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जोतिबाला त्याच्या आवडीचं काम सांगत होतं. तो शेडात शिरला, पोटावर पडला, बेदाणा पसरलेल्या जाळ्यांच्या खालून सरपटला आणि मुंग्यांची रांग धरून पार तिसऱ्या खांबापर्यंत गेला. परत आला तेव्हा इस्त्रीच्या शर्टाची रया गेली होती आणि हातात एक करवंटी होती.

"बेदाण्यासाठी न्हाईत आल्या, मामा," तो छाती फुगवून म्हणाला. "हे बघा, साखर हाय. तुमच्याच घरातलं कोणतरी घालतंय."

मागच्या दारात लालासाहेबांच्या बायकोनं, आक्काताईंनी, पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. शालनचं जमत नव्हतं म्हणून आक्काताई मिरजेच्या एका जोतिषाकडं गेल्या होत्या. दर शनिवारी मुंग्यांना साखर घाल आणि स्थळ ठरेपर्यंत खंड पाडू नको, असं त्यानं बजावलं होतं.

"मुंग्यास्नी रेशनची साखर," लालासाहेब सावकाश म्हणाले, "आन मला सहा म्हैनं गुळाचा चा?"

आक्काताई म्हणाल्या, पोरीपेक्षा तुमचा चहा मोठा का? लालासाहेब म्हणाले, बेदाणा मोठा आहे. शब्दानं शब्द वाढला. मग दोघांनाही एकदमच सुचलं, की पाहुण्यांनी पाहुण्यासारखं बसायचं सोडून आपल्या घरातली करवंटी बाहेर काढली, आणि दोघं मिळून जोतिबाकडं बघायला लागले. हवालदारांनी टोपी उचलली. जोतिबाला फार वाईट वाटलं. दहा वेळा त्यानं गप्प बसून लग्न मोडलं होतं, या खेपेला बोलून मोडलं.

तेवढ्यात शालन बोलली. "आबा, आज व्हय म्हणलासा तर साखर बंद हुती बघा. स्थळ ठरंपतूरच घालायची हाय."

तेव्हा कुठं जोतिबानं तिच्याकडं नीट बघितलं. मुलगी चांगलीच होती, आणि त्याची मान पुन्हा खाली गेली नाही.

लालासाहेबांनी जाळ्यांवर पसरलेल्या बेदाण्याकडं बघितलं. तो उतरवायला अजून आठ दिवस होते, आणि मध्ये एक शनिवार येत होता.

"हवालदार, बसा खाली," ते म्हणाले. "आजच सुपारी फोडू."

अर्ध्या तासात शेजारची चार माणसं गोळा झाली, सुपारी फुटली, टिळा झाला, गुळाचा खडा सगळ्यांच्या तोंडात पडला. लालासाहेबांनी मोकळा श्वास घेतला. पोरीचं झालं आणि बेदाणाही वाचला.

"आवं," आक्काताई हळूच म्हणाल्या, "आता नवस तेवढा फेडाया पायजे."

"कसला नवस?"

"स्थळ ठरलं की सव्वा मण साखर घालीन म्हणलेवते. जितं घालत आले तितंच, मुंग्यांच्या दारात."

लालासाहेबांनी फुटलेल्या सुपारीकडं बघितलं. ती काही आता सांधता येत नव्हती. रेशनच्या कार्डावर सव्वा मण साखर साठायची म्हणजे शालनची पोरं शाळेत जायला लागली असती.

सासऱ्याचा उतरलेला चेहरा बघून जोतिबाला राहवलं नाही.

"काळजी करू नगासा, मामा," तो म्हणाला. "दर शनवारी मी येतो की घालाया."