योसेफ कंडक्टरचा ठेका

योसेफनं मला पहिल्यांदा तिकीट विचारलं तेव्हा मी इतकी हबकले, की कुठं जायचं तेच विसरले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची गोष्ट. राहात्याच्या मुलींच्या शाळेत मी शिवणशिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते आणि श्रीरामपूरहून रोज एस.टी.नं जायची. गाडी स्टँडबाहेर पडली न पडली तोच खाकीतला एक काटकुळा माणूस माझ्यापुढं उभा राहिला. तिकीट पंच करायच्या चिमट्यानं त्यानं दांडीवर टकाटक ठोके दिले आणि एका दमात म्हणाला,

"नवी बाई, नवी छत्री,
गाडी आमची लई भित्री,
खड्डा दिसला, मारती उडी,
गाव सांगा, ठेवा पुडी!"

माझ्या हातातली फुटाण्यांची पुडी खाली सांडली. गाणं म्हणावं तर चाल नव्हती, भाषण म्हणावं तर मधे थांबणं नव्हतं. नुसतं बोलणं, पण ठेक्यावर उधळलेलं.

"घाबरू नगं बाई," शेजारची म्हातारी म्हणाली, "कंडक्टर हाय त्यो. समद्यांस्नीच असं बोलतो."

परवा माझ्या नातीनं मला असलंच काहीतरी ऐकवलं. म्हणाली, "आजी, ह्याला हिप हॉप म्हणतात. आणि हा अंडरग्राउंड आहे, लपूनछपून करतो." मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या राहाता गाडीत रोज चालायचं!" तिला ते खोटं वाटलं.

पण योसेफचंही लपूनछपूनच होतं. तिकीट तपासणाऱ्यांची जीप फाट्यावर दिसली, की ड्रायव्हर रंगनाथमामा दोनदा हॉर्न द्यायचे. लगेच चिमटा गप्प, आणि सगळी गाडी मयताला निघाल्यासारखी तोंडं करून बसायची. जीप गेली की मागून कुणीतरी ओरडायचं, "हां, होऊ द्या कंडक्टर!" आधीची गाडी रिकामी सोडून लोक योसेफच्या गाडीला लोंबकळायचे. उभ्या माणसांना तो सांगायचा, "ताल धरा, तोल सुटत न्हाई." एकदा एक पाव्हणा शेळीला मधल्या वाटेत उभी करून स्वतः ऐसपैस बसला, तर हा म्हणतो,

"शेळी उभी, मालक बसला,
पाव्हनं, ह्यो न्याय कसला?"

तो पाव्हणा खरोखरच उठून उभा राहिला. शेळी काही बसली नाही.

शाळेत मी हे सांगितलं तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वाह्यात दिसतो." मलाही तसंच वाटायचं. इतकं बोलायचा सोस एका माणसाला असावा तरी किती! वर हा गाडीतून खाली उतरला, की एक शब्द बोलायचा नाही. नमस्कार केला तर नुसती मान हलवून चालू लागायचा. शिष्टच म्हणायचा की!

मग एक दिवस कडक इस्त्रीतले एक पुढारी गाडीत चढले आणि तिकिटाची वेळ आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. योसेफनं चिमटा वाजवला.

"पांढरा सदरा, पांढरी टोपी,
तिकीट म्हनताच गेले झोपी!
उठा पुढारी, आली शीव,
सरकारी गाडी, तिचा बी जीव!"

गाडी हसून हसून आडवी झाली. पुढाऱ्यांनी तिकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रारही केली. डेपोत हुकूम लागला : प्रवाशांशी यमकात बोलू नये, चिमटा वाजवू नये.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला मी गाडीत होते. योसेफ मुकाट्यानं तिकिटं फाडत होता. पहिल्या दिवशीच्या त्याच म्हातारीनं विचारलं, "कंडक्टर, बाभळेश्वर आलं का रं?"

योसेफनं तोंड उघडलं. "बा... बा... बा..."

मानेच्या शिरा टरारल्या, डोळे मिटले, पण शब्द काही बाहेर येईना. लोकांना वाटलं, नवीन नक्कल आहे. "लई भारी!" म्हणून कुणी टाळीही दिली. मीसुद्धा हसले. मग त्यानं डोळे उघडले, आणि माझं हसू तोंडातच मेलं.

रंगनाथमामांनी करकचून ब्रेक मारला आणि मागं वळून ओरडले, "दात काय काढता? लहानपनापासनं असाच हाय त्यो! ठेका असला तरच जीभ सुटती त्याची. पोटासाठी शिकलाय त्यो यमकं, तुमच्या करमनुकीसाठी न्हाई!"

वर्षभर ज्याला वाचाळ समजत होतो, त्याला बोलताच येत नव्हतं!

म्हातारीनं कनवटीची चुन्याची डबी काढली आणि खिडकीच्या गजावर वाजवायला लागली. टक टक, टकाटक. मी पायाशी छत्री आपटू लागले. कुणी पत्रा वाजवला, कुणी डबा. हुकूम कंडक्टरला होता, प्रवाशांना नव्हता. योसेफ दांडी धरून तसाच उभा. मग बारीक आवाजात म्हणाला,

"बाभळेश्वर पडलं माग,
आता आली आजीला जाग!"

म्हातारीला परत मागं चालत जावं लागलं, तरी ती हसतच उतरली.

पुढं रंगनाथमामा आम्हा आठदहा जणांना घेऊन डेपो मॅनेजरकडं गेले. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हुकूम काही मागं घेता येत नाही. पण मी त्या गाडीनं जात नाही." तेवढं पुरे होतं. चिमटा पुन्हा वाजू लागला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी श्रीरामपूरला उतरल्यावर कापडाची पिशवी गाडीतच राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून मी परत फिरले. गाडी कडेला लावलेली होती. रंगनाथमामा बाहेर विडी ओढत बसले होते. मला पाहून ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "उद्या पोरगी बघाया चाललाय. मागं एकदा गेल्ता, तर स्वतःचं नाव सांगता येईना. पोरीच्या बापानं मुका म्हनून परत धाडला."

मी दारातून आत डोकावले. रिकाम्या बाकांपुढं योसेफ हात जोडून उभा होता. चिमटा बाजूला ठेवलेला.

"मा... माझं नाव यो... यो..."

अडकला. कपाळ पुसलं. मग चिमटा उचलून समोरच्या बाकावर जाऊन बसला, मुलीकडच्यांच्या जागी, आणि हलके ठोके देत स्वतःलाच म्हणाला,

"सावकाश बोला, घाई न्हाई,
आमी कुठं बी जात न्हाई."

चिमटा खाली ठेवून तो पुन्हा उठला आणि आपल्या जागी येऊन उभा राहिला. "मा... माझं नाव यो..."

त्याचं नाव पुरं होईपर्यंत मी खालीच उभी राहिले.