हौदावरची गाडी

"अप्पा, घरात पेट्रोल सांडलंय का हो?" शेजारच्या गंगम्मानं दारातूनच नाकाला पदर लावून विचारलं.

विरूपाक्ष अप्पा विभूती लावत होते. बोटं कपाळावरच थांबली. वास त्यांनाही येत होता, पण बोलायला घरात कुणी नव्हतं. बायको, शिवकांता, जाऊन तीन महिने झाले होते. त्यातले बहुतेक दिवस अप्पा रजा काढून मुदखेडला लेकीकडे राहिले. लातूरला परत येऊन त्यांनी बंद पडून असलेली मोटारसायकल गॅरेजच्या पोऱ्याकडून चालू करून घेतली, तिच्यावर कचेरीत जाऊ लागले आणि चार दिवसांत घरात वास सुरू झाला.

गाडी ओसरीत उभी असायची. ओसरीच्या फरशीखाली जुना हौद होता. त्या साली विहिरी आटल्या तेव्हा गल्लीत पाणी साठवायला एवढी एकच मोठी जागा निघाली. एक दिवसाआड टँकर यायचा, कोपऱ्यातली फरशी सरकवून हौदात पाइप सोडायचा आणि अकरा घरं त्यावर जगायची.

अप्पा गाडी घेऊन चंद्रप्पा मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडून हुंगलं, नळी दाबून पाहिली, कार्बोरेटर पुसला, गाडी अर्धा तास चालू ठेवली. कुठं थेंब नाही.

"गाडीत काय न्हाई अप्पा. एकदम साफ हाय."

"मग वास?"

"ते तुमचं घर बघा. मी गाडीचा मिस्त्री हाव."

गाडी निर्दोष ठरली. अप्पांनी ती घरी आणून नेहमीच्या जागी लावली.

दुसऱ्या दिवशी गंगम्मा चहाची कपबशी घेऊनच आली. "घ्या. एक घोट घ्या आणि सांगा."

अप्पांनी घोट घेतला आणि अंगणात थुंकला. चहात पेट्रोल होतं. तेवढ्यात समोरचे शंकरप्पा तांब्या घेऊन आले. त्यांनी देवाला त्याच पाण्यानं आंघोळ घातली होती. "उदबत्ती लावायचं धाडस झालं न्हाई बगा," ते म्हणाले.

गल्ली ओसरीत जमली. हौदात पाणी टँकरचंच. गाडी तर मिस्त्रीनं तपासलेली. तेव्हा दोष टँकरचा, हे ठरायला दोन मिनिटं लागली. आधी तो पेट्रोल वाहत असणार, असं शंकरप्पा म्हणाले. डोळ्यांनी पाहिल्यासारखं सगळ्यांना ते पटलंही.

अप्पा नव्या जिल्हा कचेरीत टंचाईच्या टेबलावर कारकून होते. कचेरीत कपाटं अजून आली नव्हती, फायली जमिनीवर होत्या, पण टंचाईचा अर्ज त्याच दिवशी साहेबांसमोर गेला पाहिजे असा हुकूम होता. अप्पांनी गल्लीच्या वतीनं अर्ज लिहिला, पहिली सही केली, सकाळी कचेरीत जाऊन स्वतःच तो आवक वहीत नोंदवला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शेरा मारला, "चौकशी होईपर्यंत टँकर बंद." तो आदेशही अप्पांनीच टाइप केला. टाइप करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पाणी बंद झालं ते आपल्याच गल्लीचं.

त्या संध्याकाळी हौद उपसून रस्त्यावर ओतला. एवढ्या दुष्काळात पाणी असं वाहताना कुणी पाहिलं नव्हतं. बायका तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी गल्लीनं अप्पांशी बोलणं सोडलं. गंगम्मा तेवढी बोलायची.

"आंघोळ केली का अप्पा?"

"न्हाई."

"आमी बी न्हाई. तुमच्या अर्जाची कृपा."

चौथ्या दिवशी सकाळी टँकरचा ड्रायव्हर रेवणप्पा दारात आला. उदगीरकडचा माणूस, टोपी हातात धरून उभा राहिला. "साहेब, मला कामावरून काढायलेत. तेवीस वर्षं गाडी चालवतो. तुमच्या हौदाला मी काय केलं?"

गल्ली पुन्हा जमली. हौदाची फरशी सरकवली. आत चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता. रेवणप्पानं मान आत घातली आणि लगेच बाहेर काढली.

"हौद कोरडा, टँकर बंद, तरी वास कसा यायलाय?"

शंकरप्पा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

रेवणप्पा फरशीवर आडवा झाला आणि गाडीच्या पोटाखाली पाहिलं. कार्बोरेटरच्या नळीच्या टोकाला एक थेंब धरला होता. तो पडला, फरशीच्या सांध्यात गेला, आणि खाली हौदात टप्प असा आवाज आला. अकरा घरांनी तो ऐकला.

"पेट्रोलचा कॉक उघडा हाय," रेवणप्पा म्हणाला. "कार्बोरेटरातली सुई झिजली आसंल. गाडी चालू असताना कळत न्हाई, उभी राहिली की रातभर गळते. साहेब, घरी आल्यावर कॉक बंद करत न्हाई का?"

"बारा वर्षांत कधी केला न्हाई," अप्पा म्हणाले. "कधी वास आला न्हाई."

"मग कोन करत होतं?"

गंगम्मा पुढं झाली.

"शिवकांता करायची," ती म्हणाली. "रोज. तुमी पाय धुवायला मागं गेला की वाकून बंद करायची. सकाळी तुमी आंघोळीला गेला की उघडायची. मिस्त्रीनंच कधीतरी दाखवलं होतं तिला."

"तिनं? ती गाडीला हात लावायला भ्यायची."

"तुमी म्हणायचे, बायकांला गाडीतलं काय कळतं. म्हणून बोलली न्हाई. मला वाटलं, आता तुमी करत असाल."

अप्पा हौदाच्या काठावर बसले. गल्ली ओरडायच्या तयारीनं आली होती, पण कुणी ओरडलं नाही. शंकरप्पांनी फरशीवर पडलेली रेवणप्पाची टोपी झटकून त्याच्या हातात दिली. तेवढीच माफी.

चौकशीचा अहवाल अप्पांनाच लिहायचा होता. टँकर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, टँकर आजच सुरू करावा, इथपर्यंत पेन चालला. 'कारण' या रकान्याशी थांबला. खोटं लिहायची सवय नव्हती. शेवटी लिहिलं, "सदर गाडीचा कॉक रोज बंद करणारी व्यक्ती तीन महिन्यांपासून हजर नाही."

साहेबांपुढे त्या दिवशी साठ फायली होत्या. त्यांनी वाचलं न वाचलं, सही केली आणि शेरा मारला, "रिकाम्या जागी तातडीने दुसरी नेमणूक करावी."

फाइल परत आली तेव्हा अप्पांनी शेरा दोनदा वाचला. मग त्याखाली लहान अक्षरात लिहिलं, "नेमणुकीची गरज नाही. काम मी शिकलो आहे."

संध्याकाळी ते घरी आले. टँकर येऊन गेला होता, फरशी ओली होती. पाय धुवायला जाण्याआधी ते गाडीपाशी वाकले. कॉक कुठं आहे ते सापडायला त्यांना जरा वेळ लागला.