शाही सोंड आणि साळुंकीकाकूंची आमटी

एका जंगलात, मुलांनो, इतकी थंडी पडायची की तिथले लांडगेसुद्धा नाक शेकल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. हे जंगल फार लांब, उत्तरेला. तिथले प्राणी रांगेत उभे राहतात आणि उकडलेला बटाटा खातात. त्यावर मिरपूड घालायची की नाही, एवढीच काय ती तिथली चैन.

तरीही दक्षिणेकडच्या गरम जंगलातून पुष्कळ प्राणी तिथे नोकरीला जात. हेरंब नावाचं माकड असंच गेलं. झाडांची पानं मोजायची नोकरी होती. वर्षातले सहा महिने तिथल्या झाडांना पानंच नसतात, पण मोजणी रोज व्हायची आणि अहवालही वेळेवर जायचा. मोठ्या जंगलांत असंच असतं. मोठे झालात की कळेल.

हेरंबची बायको मृदुला. तिला सातवा महिना लागला होता आणि डोहाळे लागले होते चिंचगुळाच्या आमटीचे. केळी नको, पेरू नको. मऊ भात, त्यावर आमटी, वर तुपाची धार. बस्स.

"एवढंच ना? मी करतो," हेरंब म्हणाला.

त्यानं केली. मृदुलानं एक घोट घेतला आणि ती रडायला लागली. शिवाय फोडणीच्या धुरानं खालच्या ढोलीत झोपलेलं घुबड उठलं आणि थेट तक्रार करून आलं. त्या झाडावर फोडणीला कायमची बंदी झाली.

"तीन दिवस झाले रे, पोटात काही टिकत नाही," मृदुला म्हणाली. "दुसरं काही घशाखाली उतरतच नाही. कुठूनतरी बघ ना."

हेरंब घाबरला. चेष्टा नव्हती, मुलांनो. मृदुलाचे गाल बसले होते.

परमुलखात अडचण आली की आपले प्राणी काय करतात? ग्रुपवर विचारतात. 'उत्तरेतले दक्षिणवाले' नावाचा एक ग्रुप होताच. हेरंबनं विचारलं, "इथे आपलं चांगलं जेवण कुठे मिळतं?" सत्तावन्न उत्तरं आली. त्यातली चाळीस म्हणजे कुणा रानडुकराला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. उरलेल्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं : शाही सोंड.

ग्रुपमधले सर्वांत जुने सभासद म्हणजे कावळेकाका. वीस वर्षं त्यांनी त्या जंगलात काढली होती आणि ते ती रोज सांगायचे. ते स्वतः हेरंब आणि मृदुलाला घेऊन निघाले.

"ध्यानात ठेव हेरंब," वाटेत काका म्हणाले, "परक्या जंगलात पाटी वाचायची नाही. किती तारे मिळालेत ते बघायचं नाही. काचेतून आत बघायचं. आपले प्राणी जेवताना दिसले की डोळे मिटून आत शिरायचं."

शाही सोंडच्या काचेतून आपले प्राणी दिसले. तिघं आत शिरले. भिंतीवर हत्तीचं चित्र, छताला झुंबर, कोपऱ्यात सतार वाजत होती. मालक होता रेनडिअर. त्यानं दक्षिण दिशा फक्त होकायंत्रावर पाहिली होती.

डाळ आली. ती नारिंगी होती. भाजी आली, तीही नारिंगी. पनीर नारिंगी, कोफ्ता नारिंगी. सगळ्यांवर सायीची नक्षी आणि एकेक मनुका. मृदुलानं चमचा तोंडाला लावला आणि तोंड दाबून बाहेर पळाली.

"काका, हे तुम्हाला आवडतं?" हेरंबनं विचारलं.

"छे रे! गोड गिळगिळीत काहीतरी."

"मग येता कशाला?"

"आपले सगळे येतात ना. तो उंदीर बघ, तो दर शनिवारी येतो."

हेरंबनं उंदराला विचारलं. उंदीर म्हणाला, "मला कुठं आवडतंय? पण कावळेकाका येतात. वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

आता हसू नका. तुम्हीही ज्या शिकवणीला जाता, तिथे का जाता ते घरी विचारून बघा.

"दुसरं काहीच नाही का इथे?" हेरंब रडकुंडीला आला.

"आहे एक. नदीपलीकडे साळुंकीकाकूंची खानावळ," काका नाक मुरडून म्हणाले. "पण जाऊ नकोस. भात, आमटी, कोशिंबीर. अरे, ढोलीबाहेर पडायचं आणि वर घरचंच खायचं?"

हेरंब पुढचं ऐकायला थांबलाच नाही. मृदुलाला घेऊन तो नदी ओलांडून गेला.

खानावळ रिकामी होती. साळुंकीकाकू एकट्याच चिंच कोळत बसल्या होत्या. त्यांनी मृदुलाच्या पोटाकडे पाहिलं आणि काही न विचारता पान वाढलं. मृदुला तीन वाट्या आमटी प्यायली. मग ती रडली, पण हे रडणं वेगळं होतं. हेरंबलाही भरून आलं.

"रोज येऊ ना काकू?" मृदुलानं विचारलं.

"ये की, पोरी. रविवारपर्यंत ये. मग बंद करतेय. आपल्यातलं कुणी फिरकत नाही, आणि इथल्यांना चिंच म्हणजे औषध वाटतं."

मृदुलाचा हात वाटीवरच थांबला. अजून दोन महिने जायचे होते.

हेरंब विचारात पडला. मग त्याला कावळेकाकांचा मंत्र आठवला. दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल ओढून काचेला चिकटवलं आणि मृदुलाला तिथे बसवलं. बाहेरून साऱ्या जंगलाला दिसेल असं.

तासाभरात कावळेकाका तिथून चालले होते. त्यांनी आत पाहिलं. आपले प्राणी! ते डोळे मिटून आत शिरले. काकांना पाहून उंदीर आला. उंदराला पाहून रानडुक्कर सहकुटुंब आलं. शनिवारी दाराबाहेर रांग लागली. खानावळ वाचली. काकूंनी हेरंबची दृष्ट काढली.

पण मुलांनो, रांगेला जीभ असते.

"काकू, नान नाही?" उंदीर म्हणाला.

"पनीर तरी ठेवा," रानडुक्कर म्हणालं.

"शाही सोंडमध्ये मनुका घालतात," कावळेकाका म्हणाले.

काकूंनी पंधरा दिवस तग धरला. सोळाव्या दिवशी मृदुला आली, वाटी पुढे ओढली आणि पाहते तो काय, आमटी नारिंगी. वर मनुका. तिनं वाटी परत सरकवली, आणि हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तरी काय करू?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमटी मागतं कोण? आज मलाच मिळाली नाही. चल पोरी, आत चल."

त्यांनी मृदुलाला मागच्या चुलीपाशी पाटावर बसवलं. काचेपासून लांब, भिंतीकडे तोंड करून. छोट्या पातेल्यात चिंच पडली, गूळ पडला, फोडणी चरचरली. तेव्हापासून पुढे नारिंगी रस्सा उकळायचा आणि मागे आमटी. मृदुलाचे गाल भरले.

एक दिवस कावळेकाकांनी हेरंबला मागच्या दारातून ओठ पुसत बाहेर येताना पकडलं.

"काय रे, आत काय वेगळं मिळतं?"

हेरंबच्या जिभेवर अजून आमटी होती. आतून मृदुला चौथी वाटी मागताना ऐकू येत होती. त्यानं तोंड वाकडं केलं.

"आमटी हो. पण खारट. पार खारट!"

"तरीच," म्हणून काका समाधानानं रांगेत जाऊन उभे राहिले.

काकूंनी दाराआडून सगळं ऐकलं. हेरंबच्या हातात त्यांनी रात्रीसाठी आमटीचा डबा दिला.

तात्पर्य : खाल्ल्या मिठाला जागावं. आणि कुणी विचारलंच, तर मीठ जास्त पडलंय म्हणून सांगावं.