रणवरे बाई आणि अनाथ अंतराळवीर

आमच्या विज्ञान-अद्भुत कथा मंडळाच्या कथांमधले सगळे अंतराळवीर अनाथ आहेत. कुणाला आई नाही, कुणाला बाप नाही, बायको तर कुणालाच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, बारामती-इंदापूरकडचे लेखक फार कठोर मनाचे असतील. तसं काही नाही. हे सगळं रणवरे बाईंच्या धाकानं झालं.

बाई इंदापूरच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या हस्तलिखित वार्षिकाच्या पहिल्या अंकापासून त्याच संपादक. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बारामतीत एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमतो. एकानं कथा वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. बाई एसटीनं यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या आणि कथा ऐन रंगात आली की उठून फळ्याकडे जायच्या.

पिंपळीचे कोकरे ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. त्यांच्या पहिल्या कथेतला नायक लांबच्या ताऱ्यावर जाऊन चाळीस वर्षांनी परत आला. बाईंनी खडू उचलला.

"कोकरे, हा निघाला तेव्हा आई किती वर्षांची होती?"

कोकऱ्यांनी आईचा विचारच केला नव्हता. "असंल की पंचावन्न."

बाईंनी पंचावन्न लिहिले, खाली चाळीस लिहिले, रेघ मारली. "पंच्याण्णव. इतकी वर्षं तिला भाकरी कोण करून घालत होतं?"

"बाई, ते कथेत न्हाय."

"तेच म्हणते मी. गणित अपुरं आहे."

पुढच्या कथेत कोकऱ्यांनी नायकाची आई दुसऱ्याच ओळीत मारली. हळूहळू सगळ्यांनीच हा मार्ग धरला. अद्भुतकथा लिहिणाऱ्यांचीही सुटका नव्हती. राक्षस सहा महिने झोपला, तर त्याच्या म्हशींच्या धारा कोण काढतं, हे बाईंना सांगावं लागायचं.

माझ्या कथांवर तर त्यांचा विशेष डोळा. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात मंडळाचा सचिव म्हणून राबलो. पण माझी एकही धड कथा वार्षिकात आली नाही. जी मलाच रटाळ वाटायची ती बाई घ्यायच्या. जिच्यावर जीव ओतलेला, तिच्यावर लाल शेरा, 'अपुरं. पुन्हा.' आणि ते कागदही परत मिळायचे नाहीत.

आता आम्ही पाचजण उरलोय. कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणाचे गुडघे गेले, कुणाला मोबाइलवर घरबसल्या सगळं दिसतं. शाळेची किल्ली आणायची, बाकं पुसायची, सगळ्यांना निरोप द्यायचे, याचा मलाही कंटाळा आला होता. त्यात बाई सलग दोन बैठकांना आल्या नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या खेपेला कोकऱ्यांनी अख्खी कथा न अडता वाचली आणि कागद खाली ठेवला.

"कुणी अडवलंच न्हाय," ते म्हणाले. "शेवटाला काय मजा आली न्हाय राव."

मग मीच म्हटलं, "आता पुरे करू या." सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी भर दुपारी इंदापूरला गेलो. दार उघडंच होतं. आतून बाईंचा वाचण्याचा आवाज येत होता. दोन वाक्यं ऐकली आणि माझा पाय उंबऱ्यावरच थांबला. ती माझी यंत्रमानवाची कथा होती, लाल शेरा मिळालेली.

खाटेवर एक थकलेली म्हातारी पडली होती. बाईंनी मला पाहिलं, पण त्या गडबडल्या नाहीत. "बसा, वाबळे. एवढं पान होऊ दे."

"कोण आलंय गं, शाले?" म्हातारीनं विचारलं. तिला दिसत नव्हतं.

"वाबळे आलेत, अक्का. मंडळाचे."

"तो यंत्राचा गडी हाय, त्याचंच वाबळे व्हय? लई ग्वाड लिवता हो तुमी. पर त्याला बर्फात सोडून आलासा. फुडं काय झालं त्याचं?"

"पुढं लिहिलं नाही, अक्का. बाईंनी नापास केली."

"हिचं काय ऐकता."

बाई चहा टाकायला आत गेल्या. मी मागोमाग गेलो. अक्का त्यांची थोरली बहीण, बाईंनी सांगितलं. लवकर विधवा झालेली. डाळजला शेतात राबून तिनं बाईंना शिकवलं होतं. डोळे आधीच गेले होते, दिवाळीत न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली.

"शेजारची यमुना महिन्यातला एक रविवार तिच्यापाशी बसायची," बाई म्हणाल्या. "तिला लेकीनं पुण्याला नेलं. माझा रविवार गेला."

"पण माझ्या कथा इथं कशा?"

"पास झालेली कथा वार्षिकात जाते, आणि वार्षिक तिकडं शाळेच्या कपाटात, कुलपात राहतं. अक्काला काय वाचून दाखवू? म्हणून चांगल्या असायच्या त्या नापास करायची मी."

"झेरॉक्स काढता आली असती, बाई."

"सुचलं नाही असं समजा." त्यांनी गॅस बारीक केला. "कंटाळा येतो हो, वाबळे. उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. तिच्यासमोर तोंडावर दाखवता येत नाही."

मंडळाचं सांगायचं तसंच राहिलं. चहा झाल्यावर मी खाटेजवळ बसलो आणि कागद मागून घेतले. "मी वाचतो थोडं. तुम्ही टेका."

बाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. अर्धं पान झालं तरी त्यांनी अडवलं नाही, म्हणून मी मान वर केली. चष्मा नाकावर घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं. बाई गाढ झोपल्या होत्या. मी वाचायचा थांबलो.

"थांबू नगा," अक्का हळूच म्हणाल्या. "आवाज थांबला की ती जागी व्हते."

मी पुढं वाचत गेलो. शेवटचं पान आलं, यंत्राचा गडी बर्फात राहिला आणि कथा संपली. बाईंचा हात खुर्चीच्या कडेवरून हलका लोंबत होता. मी कागद मांडीवर ठेवले आणि आवाज तोच ठेवून म्हटलं, "मग सकाळी तो गडी उठला आणि चालायला लागला."

अक्कांनी माझ्याकडे कूस वळवायचा प्रयत्न केला. "कुठं निघाला?"